कब्बाला व हर्मेटिक मतांतील सत्तेचे स्तर : काही शब्दांचा विचार

कब्बाला हा यहुदी गूढवाद आणि ग्रीक ग्रंथांतून आलेले हर्मेटिक मत, या दोहोंतही दृश्य जगाच्या पलीकडे सत्तेचे उत्तरोत्तर सूक्ष्म स्तर मानले आहेत. या साम्यामुळे दोन्ही मते एकच होत, असा समज रूढ झाला. १४८६ मध्ये पिको देल्ला मिरांदोला याने आपल्या नऊशे सिद्धांतांत दोहोंना एकत्र स्थान दिले. तथापि, स्तरवाचक शब्द तपासले असता त्यांतील भेद स्पष्ट होतो.

कब्बालेत अत्सिलूत, बेरिया, येत्सिरा व असिया अशी चार विश्वे सांगितली आहेत; म्हणजे अनुक्रमे निःसरण, निर्मिती, घडण व कृती. यांपैकी शेवटच्या तिहींचे धातू यशयाच्या ग्रंथात (४३:७) एकाच वचनात येतात. अत्सिलूतचा धातू मोशेवरील आत्म्याचा अंश सत्तर वडीलजनांना देण्याच्या प्रसंगी (गणना ११:१७) येतो. भाष्यकारांनी तेथे एका दिव्याने अनेक दिवे लावण्याचा दृष्टांत दिला आहे. दिल्याने मूळ दिव्याचे काही उणे होत नाही. चारही नावे अशा रीतीने क्रियांची आहेत, स्थळांची नव्हेत. 'विश्व' या अर्थी योजलेला 'ओलाम' हा शब्दही बायबलच्या हिब्रूत मुख्यतः दीर्घ काळ दर्शवितो. गूढवाद्यांनी त्याचा संबंध 'लपणे' या अर्थाच्या धातूशी जोडला. त्या दृष्टीने खालचा प्रत्येक स्तर म्हणजे अनंत तत्त्वाचे अधिक झाकले जाणे होय. गालीलातील त्सफात येथे इसहाक लूरिया (१५३४–१५७२) याच्या संप्रदायाने ही मांडणी विस्ताराने विशद केली.

हर्मेटिक मतात याउलट, 'पोइमांद्रेस' या ग्रंथानुसार मृत्यूनंतर आत्मा सात ग्रहगोलांतून वर चढतो आणि प्रत्येक गोलापाशी एकेक विकार टाकीत जातो. येथील स्तर ही आकाशातील स्थाने असून, त्यांतून प्रवास करावयाचा असतो.

शब्दांच्या परीक्षेचे महत्त्व याच ग्रंथांच्या इतिहासातून दिसते. मार्सिलियो फिचिनो याने १४६३ मध्ये त्यांचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा ते प्राचीन इजिप्तमधील ऋषितुल्य पुरुषाचे समजले जात. १६१४ मध्ये इसाक कासोबोन याने त्यांतील ग्रीक भाषेच्या आधारे ते ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांतील असल्याचे दाखवून दिले.

मराठी भाषांतरकारासही हा प्रश्न टाळता येत नाही. 'ओलाम' यास 'लोक' म्हटले, की वाचकापुढे स्वर्गलोक-भूलोकांची उतरंड उभी राहते आणि कब्बालेचा विचार नकळत हर्मेटिक साच्यात पडतो. 'अवस्था' हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळचा ठरेल.