मारुती ८०० चे इंजिन : रचना, क्षमता आणि नेहमीचे बिघाड

जपानमधील हामामात्सु येथील सुझुकी कंपनीचे 'एफ८बी' हे इंजिन भारतीयांच्या परिचयाचे झाले ते मारुती ८०० या गाडीमुळे. या गाडीची विक्री डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जपानमध्ये 'केई' या सवलतप्राप्त छोट्या गाड्यांच्या वर्गासाठी १९७६ पासून इंजिनाच्या आकारमानाची मर्यादा ५५० घनसेंटिमीटर होती, आणि ७९६ घनसेंटिमीटरचे एफ८बी त्या मर्यादेत बसत नसल्याने ते मुख्यतः परदेशी बाजारपेठांतील गाड्यांच्या उपयोगी पडले. पाकिस्तानातील सुझुकी मेहरान ही गाडी याच इंजिनावर २०१९ पर्यंत तयार होत होती.

या इंजिनात एका ओळीत तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास, म्हणजे बोअर, ६८.५ मिलिमीटर, तर दट्ट्याचा वरखाली प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ७२ मिलिमीटर आहे. मूळ रचनेत प्रत्येक सिलिंडरला दोन अशा एकूण सहा झडपा असून त्या उघडणारा कॅमशाफ्ट माथ्यावर बसवलेला असतो आणि दातेरी टायमिंग बेल्ट त्याला फिरवतो. सिलिंडरमध्ये शिरलेले मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते सांगणारे संपीडन गुणोत्तर ८.७ इतके माफक असल्यामुळे त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवरही इंजिन ठोके न देता चालत असे. कार्बोरेटर असलेल्या आरंभीच्या इंजिनाची शक्ती सुमारे ३९ अश्वशक्ती, तर फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे ५९ न्यूटन-मीटर होता. हे आकडे लहान वाटले, तरी गाडीचे वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास असल्याने ते पुरेसे ठरले.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हे इंजिनही बदलले. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, आणि २००० च्या सुमारास कार्बोरेटरच्या जागी प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी एमपीएफआय पद्धती आली. याच बोअर-स्ट्रोकचे, परंतु बारा झडपांचे 'एफ८डी' हे भावंड पुढे ऑल्टो ८०० मध्ये सुमारे ४८ अश्वशक्ती देऊ लागले. २०१० मध्ये भारत स्टेज ४ हे निकष मुंबई, पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांत लागू झाले, तेव्हा मात्र मारुती ८०० ची तेथील विक्री बंद करण्यात आली.

या इंजिनाच्या दुखण्यांत सर्वांत महागडे दुखणे अतिउष्णतेचे आहे. सिलिंडरचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून गाडी फार गरम झाली की हेड वाकते आणि दोहोंमधील हेड गॅसकेट उडते. याचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक असते : रेडिएटरचा विजेचा पंखा वेळेवर सुरू करणारा स्विच निकामी होतो, किंवा एखाद्या जुन्या रबरी होजमधून पाणी झिरपत राहते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर गॅसकेट गेल्याची दाट शंका घ्यावी. अशा वेळी नुसते गॅसकेट बदलून भागत नाही, हेडची पातळी तपासून गरजेप्रमाणे फेसिंग, म्हणजे ते घासून सपाट करणे, हेही करावे लागते.

दुसरा गट ठिणगी आणि इंधनाचा. तीनच सिलिंडर असल्याने एकाने साथ सोडली की एक तृतीयांश शक्ती जाते आणि गाडी ठळकपणे मिसिंग मारू, म्हणजे ठोका चुकवू लागते. ठिणगीचा प्रवाह प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक तडा गेला असेल, तर पावसाळी दमटपणात प्रवाह भलतीकडे वळतो. टोपी उलटी करून आत पाहिल्यास पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. जुन्या गाड्यांत पॉइंट झिजणे आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकणे हे नित्याचे, तर एमपीएफआय गाड्यांत पेट्रोलपंप व सेन्सर यांची तपासणी आधी करावी लागते.

ऑइल जळल्याने येणाऱ्या निळ्या धुराचेही नीट निदान हवे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी क्षणभर धूर येत असेल, तर दोष बहुधा झडपांच्या ऑइल सीलचा असतो. चढावर जोर देताना तो सतत येत असेल, तर पिस्टन रिंग झिजल्याचा संभव अधिक. उभ्या गाडीतील थरथर काही अंशी तीन सिलिंडरच्या रचनेतच आहे, पण ती एकाएकी वाढली तर मिसिंग नसल्याची खात्री करून इंजिनाची रबरी फाउंडेशन तपासावीत.

या बिघाडांकडे एकत्र पाहिले, तर त्यांतील बहुतेकांचा आरंभ स्विच, होज, टोपी, सील अशा स्वस्त सुट्या भागांत होतो आणि हयगय झाल्यावरच बिघाड हेड व पिस्टनपर्यंत पोचतो, असे दिसते. म्हणून पाणी व ऑइल नेमाने पाहणे, टायमिंग बेल्ट तुटण्याची वाट न पाहता मुदतीत बदलणे आणि तापमानाचा काटा चढताच गाडी थांबवणे, एवढी शिस्त पाळणाऱ्या मालकाला हे छोटे इंजिन दीर्घकाळ इमानाने साथ देते.