तडकलेल्या तंबोऱ्याची दुरुस्ती

आमच्या संगीतवर्गातील तंबोऱ्याचा भोपळा तडकला, तेव्हा त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्र आणावे, अशी सूचना आली. सूचना व्यवहार्य होती. तथापि विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी ज्या वाद्याच्या षड्जात आपला स्वर मिळवला, ते मोडीत काढण्यापूर्वी दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे आम्ही समजून घेतले.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तेथील या कलेचा उगमच दुरुस्तीत आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब नादुरुस्त वाद्ये सुधारता सुधारता नवी वाद्ये घडवू लागले.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतो. दांडी व तबली तुणाच्या लाकडाची असते. मराठवाड्यात लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगते आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आकसते. भोपळा व तबली मात्र सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. त्यातच तारांचा ताण अखंड असतो. म्हणून सांधे सुटतात व भोपळा तडकतो.

कारागीर प्रथम तारा उतरवतो, ऊब देऊन तबली सोडवतो आणि तडा सरसाने जुळवून आतून कापडाची पट्टी चिकटवतो. सरसाचा सांधा उष्णतेने व ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. एपॉक्सीने जोडलेला सांधा सोडवताना लाकूडच फाटण्याचा धोका असतो. शेवटी जवारी काढतात. घोडीचा माथा घासून त्याला असा सूक्ष्म उतार देतात, की कंपणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहते. तारेखाली सुती दोरा योग्य जागी सरकवला, की नाद खुलतो.

तार अति ताणली वा अति सैल ठेवली, तर वीणा वाजत नाही, हे भगवान बुद्धांनी सोण भिक्खूंना समजावल्याची कथा अंगुत्तर निकायात आहे. साधनेविषयीचा तो उपदेश वाद्याच्या निगराणीसही लागू पडतो. म्हणून दीर्घ सुटीत आम्ही आता तारा थोड्या उतरवून ठेवतो आणि तंबोरा उन्हापासून दूर, गवसणीत ठेवतो.

आपल्याच शहरातील बौद्ध लेण्यांत, सातव्या लेणीत, नर्तिकेभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. संगीताचा हा वारसा आपला आहे.

आमचा तंबोरा पुन्हा वाजू लागला आहे. तड्याची रेघ अद्याप दिसते; ती रंगाने झाकायची नाही, असे आम्ही ठरवले. माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या घरी एखादे जुने वाद्य माळ्यावर पडले असल्यास ते टाकून देण्यापूर्वी एकदा जाणत्या कारागिरास अवश्य दाखवावे, ही विनंती.