भर समुद्रात लॉग-इन!

सुट्ट्या शिल्लक नाहीत म्हणून क्रूझ कॅन्सल करायचे दिवस संपले. लॅपटॉप उघडा आणि लाटांवर बसून काम करा! पण हे जमतं कसं, आणि त्याची किंमत फक्त डॉलरमध्येच मोजायची का?

'अहो सर, रेंजच नव्हती!' बॉसचा फोन चुकवण्यासाठी यापेक्षा सॉलिड कारण आपल्या पिढीला मिळालं नाही. पण घाट, गड, गावची वाडी असं करत करत बहुतेक ठिकाणी टॉवर पोचले आणि कारणं संपत गेली. समुद्र तेवढा उरला होता. आता तोही उरलेला नाही!

तसं जहाजावरचं इंटरनेट काही आजचं नाही. १९९९ मध्येच 'नॉर्वेजियन स्काय' या क्रूझवर इंटरनेट कॅफे होता. पण पुढची कितीतरी वर्षं या सेवेचा मीटर रिक्षासारखा मिनिटागणिक पळायचा आणि एक मेल उघडेपर्यंत कॉफी गार व्हायची. कारण साधं होतं. समुद्रात केबल नाही, टॉवर नाही. जहाजाच्या माथ्यावर जे पांढरे घुमट दिसतात ना, त्यांच्या आत डिश अँटेना असतात. जहाज कितीही डोललं, तरी त्या उपग्रहावरची नजर हलू देत नाहीत. आणि तो उपग्रह किती उंचावर? तब्बल ३५,७८६ किलोमीटर! तुमचा 'हॅलो' तिथे चढून खाली येणार, समोरच्याचं उत्तर तोच प्रवास करणार. प्रकाशाच्या वेगानेही यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. मेलला हे चालतं. मीटिंगमध्ये मात्र दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम 'सॉरी, तुम्ही बोला' म्हणतात.

हे चित्र बदललं ते खाली फिरणाऱ्या उपग्रहांमुळे. स्टारलिंकचे उपग्रह अवघ्या काहीशे किलोमीटरवर आहेत. अंतर कमी म्हणून उशीरही कमी. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियन समूहाने आपल्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, २०२४ मध्ये कार्निव्हलने संपूर्ण ताफ्यावर ते बसवून झाल्याचं सांगितलं. 'वर्क फ्रॉम होम'ला सरावलेल्या मंडळींना आणखी काय हवं?

सिंगापूर ते सिंगापूर

माझं निमित्त होतं बाबांच्या रिटायरमेंटचं. बाबा ३४ वर्षं एसटीत कंडक्टर. त्यांना आणि आईला सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर न्यायचं ठरलं. सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत. मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. खात्यात सुट्ट्या तीन आणि कामाचे दिवस पाच. मॅनेजरशी बोलून तोडगा काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सुट्टी. मंगळवार आणि गुरुवार जहाजावरून काम.

इथे घड्याळाचा फंडा समजून घ्या. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे आपली दहा ते सातची शिफ्ट जहाजावर दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. सकाळ सगळी आपली! डेकवर चालणं, आईबरोबर निवांत चहा, ब्रेकफास्टला बाबांचा 'इडलीसोबत हे काय ठेवलंय' असा तपास, सगळं आरामात होतं. उलट उन्हाळ्यात युरोपातली क्रूझ घेतली, तर तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास. पहाटे साडेसहाला लॉग-इन, पण दुपारी साडेतीनला तुम्ही मोकळे. संध्याकाळ हवी की सकाळ, ते तिकीट काढण्याआधीच ठरवा.

मंगळवारी दुपारी जहाज पिनांगला लागलं. आई-बाबा ग्रुपबरोबर उतरले, मी लायब्ररीतला कोपरा धरला. आणि गंमत बघा, नेट एकदम सुसाट! कारण अर्धं जहाज गावात फिरायला गेलेलं, वाय-फायवर गर्दीच नाही. बग नोंदवले, कॉल झाला, कोणाला पत्ताही लागला नाही की मी मलाक्काच्या सामुद्रधुनीत आहे. मात्र जॉर्ज टाउनच्या जुन्या गल्ल्या, ज्या २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, त्या मी आईच्या मोबाइलवरच्या फोटोंत पाहिल्या. दोन फोटोंत बाबांचा अंगठा आला होता.

गुरुवारी दिवसभर समुद्र. सगळे प्रवासी जहाजावर, सगळ्यांच्या हातात फोन. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला. कॅमेरा बंद केला, नुसत्या आवाजावर भागलं. रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटवत असताना बाबा शेजारी येऊन बसले.

"आम्ही डेपोत आलो की कॅश भरायचो, हिशेब द्यायचो. खिडकीवर सही झाली की ड्युटी संपली. मग साहेब समोर आला तरी फक्त रामराम. तुझी ड्युटी संपते कधी गं?"

खरं तर याची तजवीज मी पॅकेज घेतानाच केली होती. बड्या जहाजांवर वाय-फायला एका डिव्हाइसमागे दिवसाला साधारण २० ते ३० डॉलर पडतात. मी एकाच डिव्हाइसचं घेतलं आणि ते लॅपटॉपवरच ठेवलं. फोन एअरप्लेन मोडवर. लॅपटॉप मिटला की ग्रुप बंद, मेल बंद, 'एक मिनिट आहेस का?' बंद. "आत्ता संपली, बाबा," मी म्हटलं आणि आम्ही तिघं वर डेकवर गेलो.

बोर्डिंगआधीचा होमवर्क

परवानगी: एचआर आणि आयटी दोघांनाही आधी विचारा. कित्येक कंपन्या परदेशातून लॉग-इन अडवतात. शिवाय उपग्रहाचं नेट जमिनीवरच्या ज्या स्टेशनवर उतरतं, तिथला पत्ता सिस्टिमला दिसतो. तुम्ही एका देशाजवळ आणि लॉग-इन भलत्याच देशातून, असं होऊ शकतं. टूरिस्ट म्हणून गेलेल्या देशात ऑफिसचं काम चालतं का, याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत.

ओटीपी: फोन एअरप्लेन मोडवर म्हणजे एसएमएस नाही, म्हणजे ओटीपीही नाही! ऑथेंटिकेटर अ‍ॅप आधीच सेट करा. ते नेटशिवाय कोड देतं. फक्त फोनचं घड्याळ हाताने पुढेमागे करू नका, टाइम झोन बदला. नाहीतर कोड चुकतात.

रोमिंग: जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्कही असतं. फोन गुपचूप त्याला चिकटला, तर बिल बघून भोवळ येईल. बंदर सुटण्याआधीच एअरप्लेन मोड.

पॅकेज: ऑफिसचं व्हीपीएन आणि व्हिडिओ कॉल त्यात चालतात का, ते विचारूनच घ्या. बोर्डिंगआधी ऑनलाइन घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. काही देशांच्या सागरी हद्दीत परवान्याअभावी उपग्रह सेवा बंद ठेवावी लागते, त्यामुळे मोठ्या फाइल्स आधीच उतरवून ठेवा.

केबिन: खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली. तिथे डोलणं कमी, आणि स्क्रीनकडे बघून मळमळणंही कमी. जहाजाच्या भिंती पोलादी, त्यामुळे केबिनमध्ये सिग्नल कमी वाटला तर लायब्ररी किंवा कॅफे गाठा. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, बॅग तपासताना काढून घेतात.

सॅटेलाइट फोन: 'बॅकअप' म्हणून अजिबात नाही! भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.

उलटा प्रवास

आमच्या टेबलवरचा वेटर निघाला गोव्याचा, सासष्टीतला. मराठी ऐकली आणि गडी खुलला. घराण्यात तीन पिढ्या तारवटी. आजोबांचं पत्र घरी यायला महिना लागायचा म्हणे. याचं आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, घरी दोन वर्षांची मुलगी. रात्री साडेअकराला ड्युटी आटपली की हा क्रूच्या मेसमध्ये फोन घेऊन बसतो. गोव्यात तेव्हा नऊ वाजलेले असतात, पोर झोपायच्या बेतात असते. क्रूचं वाय-फाय वेगळं आणि तेही विकतचं. मी लॅपटॉप घेऊन बसते हे त्याने पाहिलं होतं.

"म्हणजे मॅडम, तुम्ही पैसे भरून ऑफिसात जाता?" त्याने विचारलं. "आम्ही पैसे भरून घरी जातो."

खलाशांसाठी इंटरनेट ही चैन नाही, हे आता जगानेही मान्य केलंय. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. शक्य तिथे जहाजमालकाने कर्मचाऱ्यांना इंटरनेट द्यावं, आणि पैसे घ्यायचेच तर ते वाजवी असावेत, असं त्यात म्हटलंय.

एकच उपग्रह, एकच डिश. त्याच वाटेने माझं ऑफिस माझ्यापर्यंत पोचतं आणि त्याची लेक त्याच्यापर्यंत. म्हणून पॅकेज घेताना स्पीड किती, डेटा किती हे जरूर विचारा, पण ते दुय्यम. आधी मॅनेजरबरोबर बसून कामाचे दिवस आणि तास मेलवर लिहून घ्या. पॅकेज एकाच डिव्हाइसचं घ्या. आणि गावात उतरायचा दिवस जमेल तितका सुट्टीत टाका, कारण खुल्या समुद्रातला दिवस कामाला जास्त परवडतो. नेट थोडं हळू चालेल, पण पिनांग तरी हातचं जाणार नाही.

आमच्या बाबांना आता लक्षद्वीपची क्रूझ खुणावतेय. या वेळी मी सुट्ट्या साठवतेय, पूर्ण पाच.