हिमसरोवर पाच मीटर उतरले!

भूतानमध्ये १९९४ साली लुग्गे या हिमसरोवराचा बांध फुटला. पुनाखाच्या परिसरात २१ माणसे दगावली. शेजारचे थोरथोर्मी सरोवरही तापत्या हवेने फुगत चालले होते. त्याचा बांध म्हणजे हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा सैल ढीग!

नुसते ‘संकट आहे’ म्हणून पैसा मिळत नसतो. भूतानने नेमके काम मांडले : पाणी पाच मीटर उतरवायचे, खोऱ्यात इशाऱ्याचे भोंगे बसवायचे. मोजून पाहता येईल असे! ‘अल्पविकसित देश निधी’ने मदत दिली.

सुरुंग लावावा तर बांधच ढासळायचा. यंत्रे न्यावीत, तर वाट कित्येक दिवसांच्या पायपिटीची. शेवटी २००९ ते २०१२ या काळात मजुरांनी चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फगार पाण्यात उभे राहून हातांनीच दगड उपसले, चर खोल केला. पातळी पाच मीटर उतरली, भोंगेही बसले.