आजीचं बळ नातीला येतं का?

"आमच्या घराण्यात साठीनंतर सगळ्यांचेच पाय जातात!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आमच्या मासवणला, सूर्या नदीच्या काठच्या खाचरांत, भातलावणीला सत्तरीच्या आज्या दिवसभर चिखलात वाकलेल्या दिसतात. पालघरच्या फ्लॅटमधल्या त्यांच्याच वयाच्या बाईला मात्र खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो. मग आपण म्हणतो, "त्यांचं रक्तच वेगळं!" (ज्या आज्या खाटेवर आहेत, त्या बांधावर दिसत नाहीत, हे आपण विसरतो.)

रक्ताचा वाटा आहे, मैत्रिणींनो. जुळ्या भावंडांच्या मुठीची पकड मोजून पाहिली, तर माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक निघतो. २०२१ साली साठी ओलांडलेल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या, तेही युरोपीय वंशाच्या, जनुकांचा अभ्यास झाला. कमजोर पकडीशी जोडलेल्या पंधरा जागा सापडल्या. म्हणजे 'ताकदीचं जनुक' असं एक काही नाहीच. चिमूट इथं, चिमूट तिथं!

मला चटका लावून गेली ती मात्र पुण्याकडची हकिकत. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास सुरू केला, तोही दिवस राहण्याच्या आधीपासून. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. यात गंमत अशी, की आपल्या बाळांची चरबी त्या मानानं शाबूत होती. कमी पडले होते ते स्नायू! आणि इंग्लंडमध्येच हर्टफर्डशायरला वृद्धांच्या जन्मवेळच्या वजनाच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा दिसलं की जन्मताना जे हलके होते, त्यांची मूठ म्हातारपणीही सैल होती.

आता सांगा, आजीपासून नातीपर्यंत जे येतं ते नुसतं रक्त का? सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या सुनेचं ताटही त्यात आलंच. त्या ताटाला आपण 'घराणं' म्हणून मोकळ्या होतो. आमच्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याला तर हे निराळं सांगायला नको.

बरं, जे झालं ते झालं, पण आता साठी-सत्तरीच्या बाईचं काय? १९९० साली बॉस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायातली ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. त्यांची जनुकं काही बदलली नव्हती!

घरी एवढं करून पाहा. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सासूबाईंना हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू कमजोर होत असल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं. त्यांची हरकत नसेल तर हीच उठबस रोज थोडी थोडी वाढवायची. जेवणात डाळ, दही, अंडं रोज असू द्या. चहा-बिस्किटावर संध्याकाळ काढायची सवय मोडाच. आपल्याकडे सुकट स्वस्त मिळते. पण ब्लडप्रेशर असेल तर ती दोन-तीन पाण्यांतून काढा, म्हणजे खार बराच कमी होतो.