होडीच्या पोटातील पाणी

भोपाळला समुद्र नाही. तथापि शिडाच्या होड्या पाहावयाच्या असतील तर तेथे अवश्य जावे. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीला बांध घालून निर्माण केलेला मानला जाणारा ‘बडा तालाब’ आजही शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी पुरवितो. या तलावावर शिक्षण घेतलेल्या दोन मुलींनी देशासाठी पदके मिळविली. हर्षिता तोमर हिने २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक, तर देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने २०२३ सालच्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत रौप्यपदक पटकाविले.

दोघींच्या होड्या एकाच जातीच्या. पूर्वी या जातीला ‘लेझर’ म्हणत, आता ‘इल्का’ म्हणतात. लांबी सुमारे सव्वाचार मीटर, एकच शीड, एकच माणूस. ही होडी लाकडाची नसून काचतंतूंची, म्हणजे ज्याला आपण ‘फायबर’ म्हणतो त्याची असते. खालचा तळ आणि वरचे झाकण यांना कडेने जोडून ती बंद पेटीसारखी केलेली असते. आत हवा असते, आणि त्या हवेवरच ती तरंगते. त्या पोटात पाणी शिरले की काय होते, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने आपल्या मुलासाठी अशी एक जुनी होडी विकत घेतली. मुलगा तेरा वर्षांचा, उत्साही. परंतु थोड्याच दिवसांत होडी जड चालू लागली. एके दिवशी वाऱ्याच्या झोताने ती कलंडली. अशा होड्या कलंडतातच, आणि मधल्या फळीवर उभे राहून भार दिला की पुन्हा सरळ होतात. ही मात्र नाळ पाण्यात खुपसून आडवीच पडून राहिली. मुलाने तीनदा प्रयत्न केला. त्याचे हात थकले. अखेर दुसऱ्या नावेने ओढून त्याला काठावर आणले. मागचे बूच काढले तेव्हा पाऊण बादली पाणी निघाले. मुलाच्या आईने त्याच दिवशी निक्षून सांगितले, “गळती सापडेपर्यंत ही होडी पाण्यात जाणार नाही.”

दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो. साठ किलोच्या आतबाहेर असलेल्या होडीला दहा किलोंचा भार पुष्कळच झाला. आणि हा भार स्थिरही नसतो. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तो धावतो आणि तिला अधिकच कलवितो.

पहिला सल्ला मी दिला, आणि तो साफ चुकीचा ठरला. मी किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात लहानाचा मोठा झालो. पावसाळाभर वाळूत ओढून ठेवलेली लाकडी होडी पाण्यात लोटली की प्रथम तिच्या सांध्यांतून पाणी येई. परंतु फळ्या पाणी पिऊन फुगत आणि सांधे आपोआप मिटत. जेथे मिटत नसत तेथे जाणते लोक कापूस ठोकून वर राळ आणि तेल भरीत. ही आठवण धरून मी म्हणालो, “दोन दिवस पाण्यात ठेवा, बसेल आपोआप.” दोन दिवसांनी पोटात पहिल्यापेक्षा अधिक पाणी मिळाले. काचतंतू लाकडासारखे फुगत नाहीत. त्यांत पडलेली भेग स्वतःहून कधीच मिटत नाही, उलट वाढत जाते.

दुसरी चूक मुलाच्या वडिलांनी केली. पाणी मागच्या बुचापाशी सापडते, म्हणून त्यांनी मागच्या सर्व सांध्यांवर जाड रंगाचा लेप दिला. गळती तशीच राहिली. आपल्या कौलारू घरांत काय होते ते आठवावे. थेंब पाटावर पडतो म्हणून फुटके कौल पाटाच्या डोक्यावरच असते असे नाही; पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडेच टपकते. होडीतही पाणी उतार पाहून साचते. साचण्याची जागा शिरण्याची जागा सांगत नाही.

मग एका अनुभवी कारागिराने वाट दाखविली. त्याची पहिली अट ही की, होडी आधी पुरती कोरडी करावी. बूच उघडे ठेवून, मागची बाजू खाली करून ती तीन दिवस सावलीत ठेवली. कडक उन्हात बूच लावून ठेवणे वाईट, कारण आतली हवा तापून फुगते आणि सांध्यांवर दाब पडतो. दुसरी अट, एका वेळी एकच जागा तपासावी. सर्व जागांना एकदम लेप दिला तर गळती कोणती होती हे कधीच कळत नाही.

अशा जुन्या होडीत पाणी शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: तळ व झाकण जोडणारी कड, सुकाणू अडकविण्याच्या पट्ट्यांचे स्क्रू, मधली फळी खाली सोडण्याची खाच, तळातून पाणी निघून जाण्यासाठी बसविलेले तोंड, आणि डोलकाठी ज्या नळीत उभी करतात तिचा बुडखा. कारागिराने बुचाच्या भोकात रबरी नळी घट्ट बसविली, हवा जाण्यायेण्याचे बारीक छिद्र चिकटपट्टीने तात्पुरते झाकले, आणि मुलाला तोंडाने फुंकावयास सांगितले. यंत्राच्या पंपाने हवा भरू नये. होडी सांध्यांतून उकलते. मग सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी फिरविले. सायकलचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत, फक्त घमेल्याऐवजी साबण. सुकाणूच्या पट्टीजवळच्या एका स्क्रूपाशी बारीक बुडबुडे उठले. सर्वांना आनंद झाला, कारागीर मात्र म्हणाला, “एवढ्याने पाऊण बादली भरत नाही.”

नंतर त्याने डोलकाठीची नळी काठोकाठ पाण्याने भरली आणि सर्वांना चहाला पाठविले. अर्ध्या तासाने पाहतो तो पाणी चार बोटे खाली गेलेले! या जातीच्या होडीत डोलकाठीला दोरांचा आधार नसतो. वाऱ्याचा सारा जोर त्या एका नळीवर येतो. शिवाय नळीत पडलेली वाळू डोलकाठीच्या फिरण्याबरोबर तळ घासत राहते. वर्षानुवर्षे असे होऊन बुडख्याशी केसाएवढी भेग पडली होती. बाहेरून ती कोणालाही दिसली नसती.

दुरुस्ती शोधापेक्षा सोपी ठरली. नळीजवळ झाकणाला हात जाईल एवढे गोल भोक पाडले. आतली जागा पुसून, कोरडी करून, घासकागदाने खरखरीत केली. गुळगुळीत पृष्ठावर लेप धरत नाही. मग काचतंतूंच्या कापडाचे तुकडे इपॉक्सीत भिजवून नळीच्या बुडख्याभोवती थरावर थर बसविले. नळीच्या आतही तळाशी तसाच लेप दिला. नोहाला आपले तारू आतून आणि बाहेरून डांबराने लिंपण्याची आज्ञा झाली होती, ती मला त्या वेळी आठवली. भोकावर रबरी कड्याचे फिरकीचे झाकण बसविले. सैल स्क्रू काढून त्याचे भोक भरले, नवे पाडले आणि स्क्रू लेपासह पुन्हा बसविला. छिद्रावरची चिकटपट्टी आठवणीने काढली. हे सर्व काम काठापासून दूर, अंगणात झाले, आणि घासलेली भुकटी व उरलेला लेप गोळा करून ठेवला. ज्या तलावाचे पाणी शहर पिते त्यात असली घाण जाता कामा नये.

लेप पुरता वाळल्यावर नळी पुन्हा पाण्याने भरली. या वेळी आईने स्वतः खडूने खूण केली आणि तासभर तेथेच बसून राहिली. पाणी खुणेवरून हलले नाही. दुसऱ्या रविवारी होडी तलावात उतरली. मुलाने काठाजवळ, वडिलांच्या देखत, ती मुद्दाम कलंडविली. फळीवर उभा राहिला, आणि होडी डोलकाठीसह वर आली. परत आल्यावर बूच काढले, तेव्हा फडके ओले होण्याइतकेच पाणी निघाले.

त्या घरात आता एक वही आहे. प्रत्येक फेरीनंतर मुलगा बूच काढतो, निघालेले पाणी पेल्याने मोजतो आणि तारखेपुढे लिहून ठेवतो. ज्या दिवशी आकडा वाढेल, त्या दिवशी होडी काठावर राहील, असे आईने ठरविले आहे; आणि मुलानेही ते मान्य केले आहे.