गादी कोणाची, भार कोणाचा?

वडिलोपार्जित घर मुलास मिळतें. परंतु वडिलांनीं वाहिलेला लोकांचा भारही त्याच्याकडे आपोआप येतो काय? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकास हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. सूफी पंथाच्या चिश्ती शाखेनें त्यास दिलेलें उत्तर मनन करण्याजोगें आहे.

या शाखेचे थोर सत्पुरुष बाबा फरीद इ. स. १२६५ मध्यें पंजाबांतील अजोधन, म्हणजे सांप्रतच्या पाकिस्तानांतील पाकपट्टण, येथें निवर्तले. त्यांस पुत्र होते. तरी गुरुपदाचीं चिन्हें त्यांनीं निजामुद्दीन या शिष्यास देवविलीं. दर्ग्याची गादी मात्र पुत्राच्या वंशांत राहिली. अशा रीतीनें वारशाच्या दोन वाटा झाल्या. गादी सांभाळणारा तो सज्जादानशीन, बहुधा वंशांतील. आणि गुरूनें पारखून नेमलेला तो खलीफा. त्यास रक्ताचें नातें लागत नाहीं.

निजामुद्दीन आजन्म अविवाहित होते. १३२५ मध्यें ते निवर्तल्यावर दिल्लीस त्यांचे शिष्य नासिरुद्दीन, ज्यांस लोक ‘चिराग-इ-दिल्ली’ म्हणत, त्यांच्या जागीं आले. नासिरुद्दीनांस अरण्यांत जाऊन ईश्वरचिंतन करण्याची ओढ होती. गुरूंनीं ती मोडून काढली. लोकांतच राहावें, त्यांचे आघात सोसावे आणि उलट उपकारच करावा, अशी आज्ञा झाली. वारसा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लाभ येतो. येथें तो निर्बंध होऊन आला! पुढें एका फकिरानें त्यांजवर सुऱ्याचे वार केले, तेव्हां त्यांनीं त्यास शिक्षा होऊं दिली नाहीं.

१३५६ मध्यें त्यांचा अंतकाळ जवळ आला. शिष्यांनीं लायक पुरुषांची यादी पुढें केली असतां, यांनीं स्वतःचा भार वाहिला तरी पुष्कळ झालें, असा अभिप्राय त्यांनीं दिल्याचें सांगतात. गुरूकडून आलेला खिरका, काठी, जपमाळ व वाडगा या वस्तू त्यांनीं आपल्याबरोबर पुरावयास लाविल्या.

म्हणून परंपरा खुंटली असें मात्र नव्हे. त्यांचेच शिष्य गेसूदराज यांनीं गुलबर्ग्यास ती वाढविली. निजामुद्दीनांचे दुसरे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब तर आपल्या दौलताबादेस आले. वेरूळजवळ खुल्दाबादेस त्यांचा दर्गा आहे. वस्तू मातींत गेल्या, शिकवण चालत राहिली.

घरांतील वडील माणसांनीं यावरून इतकें तरी ध्यानीं घ्यावें: किल्ल्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या हें जन्म ठरवील; पण आल्यागेल्याचें दुःख कोण ऐकून घेईल, हें डोळे उघडे ठेवूनच ठरवावें लागतें.